अकरावी लगोरी

ते तीन शब्द मी लिहिले तेव्हा ढब्बू माझ्या मांडीवर उताणी पडून स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती. तिला चौथा महिना लागला होता. एका हातानं तिला धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचं, हे तोवर मला चांगलं जमायला लागलं होतं. फलकाचा मजकूर दुपारी तीनपर्यंत हवा होता आणि या छोट्या बाईसाहेब पावणेदोनलाच जाग्या झाल्या होत्या.

‘या सतरा लगोऱ्या म्हणजे मिठाच्या जुन्या वाटेच्या साक्षीदार,’ असं मी लिहिलं. मग ‘चार पिढ्या’ लिहिलं. तिथं वाक्य लंगडत होतं. एवढ्यात ढब्बूनं अंगठा एकदाचा पकडला, खुदकन हसली, आणि त्याच आनंदात मी पुढं लिहून टाकलं, ‘जागच्या न हललेल्या’.

वाचून बघितलं. कानाला छान लागलं. पाठवून दिलं.

वाटाड्याच्या मुलीनं असं लिहावं, याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या डोंगरात खिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर दगडावर दगड रचून खुणा केलेल्या आहेत. मोठा दगड खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी कमरेएवढी रास. पोरांच्या खेळातल्या लगोरीसारखी दिसते म्हणून सगळे लगोरीच म्हणतात. एका लगोरीपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, एवढाच नियम. माझे वडील, आप्पा, चाळीस वर्षं माणसांना या वाटेनं खिंडीपर्यंत नेत आले आणि परत आणत आले. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्याही आधी त्यांचे.

पण दर वर्षी बर्फ वितळला की पहिल्यांदा आप्पा एकटेच वर जायचे, पहार घेऊन. वाटेवर मध्ये मोठा घसारा आहे, म्हणजे नुसत्या सुट्या खड्यांचा उतार. हिवाळ्याच्या ओझ्यानं तो खाली सरकतो. गेल्या वर्षी जिथं पाय ठरत होता तिथं यंदा ठरत नाही. मग तिथली लगोरी पाडायची, दगड उचलायचे आणि जिथं जमीन भक्कम आहे तिथं पुन्हा रचायचे. ‘लगोरी थापा मारायला लागली की तिला हलवायची,’ आप्पा म्हणायचे. सगळ्यात खालचा, बैठकीचा दगड मात्र तोच ठेवायचा. तो माझ्या पणजोबांच्या हातचा. तो खांद्यावर घेऊन आप्पा पुढं आणि फ्रॉकच्या घेरात लहान दगड धरून मी मागं, सहा वर्षांची असल्यापासून. एखादा दगड वाटेत सांडला की आप्पा मागं न बघता म्हणायचे, “सांडला. उचल. त्याला घर आहे.”

म्हणजे दगड चार पिढ्यांचे, जागा फार तर एका वर्षाची. हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

पर्यटन कचेरीत मी कंत्राटावर होते. फलक, घडीपत्रकं, नकाशावरच्या चार ओळी, फोनवर वाट दाखवणारं ॲप निघालं तेव्हा त्यातला मजकूर, सगळं माझं. बाळंतपणानंतर घरून लिहायची सवलत दिली ती आमच्या मोठ्या बाईंनी. त्यांना कचेरीत सगळे मागून वारसाबाई म्हणत. मोडका पूल दिसला, वारसा. गंजलेली कडी दिसली, वारसा. एकदा माझ्या जेवणाच्या डब्याचं पोचा पडलेलं झाकण हातात घेऊन म्हणाल्या, “हे टाकू नकोस हं.” बाई वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं वाचून कुणालाही तसं वाटेल. ढब्बूला पहिलं झबलं त्यांनीच आणलं होतं, आणि हंगाम संपल्यावर मला कायम करायचा कागदही त्यांनीच वर पाठवला होता.

कायम झाले की कर्मचाऱ्यांच्या घरांपैकी एक मिळणार होतं. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी. आम्ही राहत होतो ती खोली धोब्याच्या दुकानाच्या मागं. भिंतीला वर्षभर ओल. कपडे वाळायचे नाहीत, भिंतीवरचं कॅलेंडर फुगायचं, आणि ढब्बूचा खोकला तिसऱ्या महिन्यापासून जो चिकटला तो सुटायचं नाव घेत नव्हता. नवरा हंगामात पर्यटकांची बस चालवायचा, आठवड्यातून एक दिवस घरी. तो आला की भिंतीला हात लावून म्हणायचा, “काढू थोडे दिवस अजून.” पूर्वेच्या त्या खिडकीची मी किती वेळा कल्पना केली होती! पाळणा कुठं ठेवायचा तेसुद्धा ठरवलं होतं.

तो मजकूर वारसाबाईंना फार आवडला. तो वर गेला, वरून वारशाची नोंद झाली, आणि बर्फ पडायच्या आत ठेकेदाराची माणसं पहाडावर चढली. प्रत्येक लगोरीच्या पायथ्याशी सिमेंट ओतलं, क्रमांकाची पितळी पट्टी ठोकली, आणि वाटेच्या सुरुवातीला माझा फलक उभा केला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, लगोऱ्या हलवणं हा गुन्हा आहे.

ते बघायला आम्ही गेलो त्या दिवशी ऊन छान होतं. ढब्बू माझ्या पाठीशी बांधलेली. आप्पा पहिल्या लगोरीपाशी उकिडवे बसले, सिमेंटवर बोट टेकवून बघितलं आणि हसले.

“लगोरीला बूट घातले की काय?”

“मजबुती, काका,” वारसाबाई म्हणाल्या. “आता शंभर वर्षं हलणार नाहीत.”

“आणि मला हलवायची झाली तर?”

“तुम्ही कशाला हलवाल? चार पिढ्यांत कुणी हलवली नाही ती?” बाईंनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं. “तुमच्या मुलीनंच तर लिहिलंय.”

आप्पा उठले. फलकापाशी गेले. ते वाचतात हळू, एकेका शब्दाखाली बोट धरून. त्यांचं बोट त्या तीन शब्दांवर आलं आणि थांबलं. मग पुढं सरकलं, शेवटपर्यंत गेलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पाठीवरच्या ढब्बूची टोपी सारखी केली आणि म्हणाले, “वारं सुटलंय. कान झाक हिचे.”

घरी येताना मी म्हटलं, “आप्पा, ते वाक्यात बसलं म्हणून...”

“बसलं खरं,” ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात खूप बर्फ पडला. वितळल्यावर आप्पा नेहमीसारखे वर गेले आणि संध्याकाळी चिखलानं भरलेल्या बुटांनिशीच आमच्या दारात उभे राहिले. ढब्बूला उचलायला हात पुढं केले, मग हातांकडे बघून मागं घेतले.

“सोळा ठीक आहेत,” ते म्हणाले. “अकरावी थापा मारतेय.”

अकराव्या लगोरीच्या पलीकडे वाट घसाऱ्यावर आडवी जाते आणि खाली नाला आहे. वरून दिसायला सगळं तसंच होतं, पण आतून पोकळ झालं होतं. आप्पांनी पहार रोवली तर ती मुठीपर्यंत आत गेली. अकरावी तिथून उचलून तीस पावलं वर, कातळाच्या पट्ट्यावर न्यायला हवी होती. अर्ध्या दिवसाचं काम.

“कचेरीला सांगितलंत?”

“सांगितलं. बाई म्हणाल्या, ती कधी हललेली नाही, हे छापील आहे. माझ्या सांगण्यापेक्षा छापील मोठं.” ते उंबऱ्यावर बसून बुटांचे बंद सोडायला लागले. “तू लिहिलंस ना, मग तूच खोड. मला बाकी काही नको, पोरी. एक कागद लिही की ते खरं नाही. लगोऱ्या दर वर्षी हलवतात, असं लिही.”

“लिहिते.”

“लोक यायच्या आत.”

मी लिहिलंच. ढब्बू झोपल्यावर दुपारी, तासाभरात. पण काय लिहिलं? ‘अकराव्या खुणेच्या स्थानाबाबत तांत्रिक दृष्टीनं फेरविचार व्हावा, असं स्थानिक जाणकारांचं मत आहे.’ स्थानिक जाणकार! बापाला मी स्थानिक जाणकार केलं, आणि स्वतःचं नाव कुठंच येऊ दिलं नाही. मी खोटं लिहिलं, असं लिहायला गेले की बोट थांबायचं आणि ढब्बूच्या छातीतली घरघर ऐकू यायची. कायम करायचा कागद वर गेलेला होता. अशा वेळी नोंद झालेला मजकूरच खोटा निघाला तर? एकदा घर मिळू दे, मग लिहू, असं मी स्वतःला सांगितलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’

आप्पांनी विचारलं, “काय म्हणाले?”

“नोंद घेतली म्हणाले.”

“नोंद कुठं लावतात? दगडाच्या वर का खाली?”

मी हसले. ते हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे आप्पांनी पहारीनं सिमेंट फोडलं, अकरावी उतरवली, बैठकीचा दगड खांद्यावर घेतला, साठी उलटलेल्या गुडघ्यांनी तीस पावलं वर नेला आणि लगोरी पुन्हा रचली. शेवटचा दगड ठेवत असताना कचेरीच्या पहारेकऱ्यानं फोटो काढला. तो आप्पांच्याच हाताखाली वाट शिकलेला. “काका, माझी पण नोकरी आहे हो,” म्हणाला. आप्पा म्हणाले, “काढ, काढ. लगोरी येऊ दे फोटोत, मी नसलो तरी चालेल.”

कचेरीनं त्यांचा बिल्ला काढून घेतला. चाळीस वर्षं छातीवर लावून लावून त्याचे अंक पुसले होते. ठेकेदाराच्या माणसांनी लगोरी पुन्हा खाली आणली, नकाशावरच्या बिंदूवर बोटभराचाही फरक न पडू देता, आणि या वेळी सिमेंट दुप्पट घातलं.

आणि हंगाम सुरू झाला.

आता आप्पा काय करायचे, तर रोज सकाळी पहिल्या बसच्या आधी चढून जायचे आणि अकराव्या लगोरीला पाठ लावून वाटेत बसायचे. बिल्ला नव्हता, त्यामुळं कुणाला नेता येत नव्हतं. पण बसायला बंदी नव्हती. माणसं आली की म्हणायचे, “इकडून नको. वरच्या कातळावरून जा. हे पोकळ आहे.” त्यांचे पाय पसरलेले, काठी आडवी. ओलांडून जायला संकोच वाटायचा म्हणून बहुतेक जण वरून जायचे. काहींना वाटायचं, म्हातारा पैसे मागतोय. काही जण फोटो काढायचे.

“काल एका मुलीनं हातात बिस्किटाचा पुडा ठेवला,” त्यांनी सांगितलं. “मी म्हटलं, बाळ, मी भिकारी नाही, मी लगोरी आहे. तिला वाटलं, डोकं फिरलंय. पण गेली वरून.” मग खिशातून अर्धा पुडा काढून माझ्यापुढं ठेवला. “चांगली आहेत. चहात टिकतात.”

संध्याकाळी खाली आले की ते थेट आमच्याकडे यायचे, हात गरम पाण्यानं धुऊन ढब्बूला घ्यायचे. ढब्बू तेव्हा दहा महिन्यांची झालेली, धरून धरून उठायला बघायची आणि धपकन बसायची. ती पडली की आप्पा म्हणायचे, “सांडली. उचला. हिला घर आहे.” तो खेळ तिला इतका आवडायचा की ती मुद्दाम पडायची.

हंगाम भरात आला तशा कचेरीकडे तक्रारी यायला लागल्या. वाटेत एक म्हातारा बसतो, अडवतो, ॲप दाखवतं त्याच्या उलट सांगतो. एका सकाळी वारसाबाईंचा फोन आला.

“अगं, छोटीशी सूचना हवी आहे. एकच ओळ. बिल्ला नसलेल्या माणसांचं ऐकून मार्ग बदलू नये, अशा अर्थाचं. दुखावणारं नको, सौम्य लिही. तुला जमतं तसं.”

आप्पांचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. त्या पुढं म्हणाल्या, “आणि हो, तुझा कागद सहीला गेलाय बरं का. मी मागं लागलेय.”

मी दोन ओळी लिहिल्या. ‘अधिकृत बिल्ला नसलेल्या व्यक्तीच्या सांगण्यावरून मार्ग बदलू नये. खुणांवर विश्वास ठेवावा.’ दुसरी ओळ मागितलेली नव्हती. ती माझी. एकच ओळ उघडीबोडकी वाटत होती म्हणून.

चौथ्या दिवशी आप्पा आले, हात धुतले, ढब्बूला मांडीवर घेतलं. ती त्यांच्या शर्टावर, जिथं पूर्वी बिल्ला असायचा तिथल्या दोन भोकांत बोट घालत होती.

“वर नवी पाटी लागलीय,” ते म्हणाले. “प्लॅस्टिकमधली.”

मी पोळपाट पुसत होते. पुसतच राहिले.

“तुझी आहे ना? वाचल्या वाचल्या कळलं. तुझं सोपं असतं. मलासुद्धा अडखळायला होत नाही.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पाठ थोपटल्यासारखं बोलले ते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, ढब्बूच्या झोपेच्या पाऊण तासात मी खरा अर्ज लिहिला. त्यात स्थानिक जाणकार नव्हते. ‘फलकावरचे “जागच्या न हललेल्या” हे शब्द खोटे आहेत. ते मी लिहिले. खरं काय ते मला लहानपणापासून माहीत होतं. माझे वडील दर वर्षी लगोऱ्या हलवत आले आहेत आणि अकरावी आज चुकीच्या जागी आहे. तिथून माणूस खाली जाईल.’ खाली सही. नोंद झालेला मजकूर बदलायचा तर सहीचा अर्ज हातानं द्यावा लागतो, आवक खिडकीवर शिक्का घेऊन.

पण ढब्बूला दात येत होते. अंग कढत, किरकिर, माझ्या आणि आप्पांच्या शिवाय कुणाकडे म्हणून जाईना. नवरा बसवर. मी आप्पांना म्हटलं, “उद्या एक दिवस खाली थांबाल?”

“उद्या? उद्या गाड्या जास्त आहेत.”

“कागद द्यायला जायचंय. खरा कागद, आप्पा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर, डोंगराकडे. “संध्याकाळी दे की. मी उतरल्यावर.”

“खिडकी चारला बंद होते.”

“बरं,” ते म्हणाले. “एक दिवस.” आणि अंधार पडायच्या आत पुन्हा चढून गेले, अकरावीच्या पुढं वाटेत स्वतःची काठी आडवी टाकून आले. दोन दगडांवर टेकवून, नीट दिसेल अशी.

सकाळी दहाला मी आवक खिडकीपाशी उभी होते. कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला. “बाईंची आद्याक्षरं पडल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. अशा मजकुरावर तर नाहीच. बसा.”

बाई मीटिंगमध्ये. मी बाकावर बसले. समोर भिंतीवर खिंडीचं मोठं छायाचित्र, त्याच्या खाली माझंच वाक्य, त्याच्या वर घड्याळ. सव्वादहा. पावणेअकरा. कारकुनानं चहा मागवला, मलाही दिला. अकरा वाजून गेले. मला ढब्बूचं दूध आठवत होतं आणि छाती ओली झाली होती, म्हणून मी पिशवी पुढ्यात धरून बसले होते.

बाराच्या सुमारास फोन वाजायला लागले. एक उचलेपर्यंत दुसरा. कारकुनाच्या तोंडाकडे बघून मला कळलं, तरी मी विचारलं, “कुठं?”

“अकरावीच्या पुढं. सव्वाअकराच्या सुमाराला. दोघी बहिणी होत्या.”

धाकटीला दोर लावून वर काढलं. मोठी नाल्यात मिळाली. आप्पांची काठी पहारेकऱ्यानं सकाळी उचलून बाजूला ठेवली होती. वाटेत अडथळा ठेवू नये, असा त्याला हुकूम होता. धाकटीनं नंतर जबाबात सांगितलं ते मी वाचलं आहे. म्हणाली, ‘पुढं जरा भुसभुशीत वाटत होतं. पण ताई म्हणाली, खाली वाचलं ना आपण, या कधी हललेल्या नाहीत.’

बाई मीटिंगमधून बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढरा होता. मला बाकावर बघून थबकल्या. “तू आत्ता इथं कशी?”

मी अर्ज पुढं केला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. मग घड्याळाकडे पाहिलं, मग मागच्या शिक्का नसलेल्या कोऱ्या पानाकडे.

“आजच आणायचा होता का गं हा?”

“मी दहापासून बसलेय.”

“ते तुला माहीत आणि मला माहीत.” त्यांनी आवाज खाली आणला. “आता हा घेतला, तर कुणीही म्हणेल, घडल्यावर लिहिलाय. तुझ्यावर येईल सगळं. आणि बारा महिन्यांचं लेकरू आहे तुझं घरात.”

अकरा महिन्यांचं, मला म्हणायचं होतं. त्यांनी अर्जाची घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली. वरून त्यांचाच हात ठेवला. गरम होता. “घरी जा. हे तू आणलंच नाहीस. मी बघते.”

मला खूप काही करता आलं असतं. तिथंच मोठ्यानं वाचता आलं असतं. खिडकीतून आत टाकून पळता आलं असतं. मी तो कागद पिशवीत ठेवला.

खोलीचं दार ढकललं तर आप्पा खिडकीपाशी येरझारा घालत होते, ढब्बू त्यांच्या खांद्यावर. बोट ओठांवर ठेवून म्हणाले, “शू. आत्ता डोळा लागलाय. ताप उतरला.”

त्यांना अजून काही माहीत नव्हतं. ते इतके खुशीत होते की कुजबुजतसुद्धा त्यांना बोलल्यावाचून राहवेना. “अगं, आज काय केलंन हिनं माहितीये? माझं बोट सोडलंन आणि उभी राहिली. आधार नाही, काही नाही. अशी बघायला लागली माझ्याकडे, की हे कुणी केलं? सव्वाअकरा झाले होते, दूध तापवत होतो मी...”

मी खाली बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कुठली?” त्यांनी विचारलं. कुणी, काय, असं काही नाही. कुठली.

“अकरावी.”

“किती वाजता?”

मी सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही.

ते तसेच उभे राहिले. मग एक एक पाऊल टाकत आले आणि ढब्बूला माझ्या मांडीवर दिलं, एवढ्या सावकाश की तिच्या श्वासाचा ताल बदलला नाही. तिच्या मानेखालचा हात काढायला त्यांनी किती तरी वेळ घेतला.

“कागद दिलास?”

“दिला,” मी म्हटलं.

दिलाच होता. परत घेतला, हे मी बोलले नाही.

चौकशी झाली. डोंगर अनिश्चित असतो, असा तिचा निष्कर्ष निघाला. अकरावी तीस पावलं वर, कातळाच्या पट्ट्यावर नेली. ठेकेदारानं नेली, नवे दगड घेऊन. जुने घसाऱ्याबरोबर गेले, पणजोबांचा बैठकीचाही. बिल्ला परत द्यायला कचेरी तयार होती. आप्पा म्हणाले, राहू दे, शर्टाची भोकं शिवली आता.

हिवाळ्याच्या तोंडावर आम्हाला घर मिळालं. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट पाळण्यात येतं. ढब्बूचा खोकला पंधरा दिवसांत गेला. तिला उन्हातले धुळीचे कण पकडायचे असतात आणि त्या वेळी तिच्या केसांचा जो रंग होतो तो बघत मी बसते. हे सुख खोटं नाही. तेच तर कठीण आहे. अर्ज अजून त्याच पिशवीत आहे, तिच्या लंगोटांच्या खाली. घडीवर दुधाचा डाग पडला आहे.

परवा आम्ही तिला घेऊन वाटेच्या सुरुवातीपर्यंत गेलो होतो. ती आप्पांच्या बोटाला धरून चालत होती. दर चार पावलांवर बसायची आणि वर बघायची, आप्पा ‘सांडली’ म्हणतील म्हणून. आप्पा आता ते म्हणत नाहीत. नुसतं उचलतात.

फलक तोच आहे. नवा करायला वेळ लागतो, तोवर कचेरीनं त्या तीन शब्दांवर फलकाच्याच रंगाची एक पट्टी चिकटवली आहे. बाकी मजकूर छान आहे, तो तसाच ठेवू, असं बाई म्हणाल्या होत्या. येणारी-जाणारी पोरं नखानं कोपरा उचलतात, खाली काय आहे ते बघायला.

आप्पांनी ढब्बूचा हात माझ्या हातात दिला आणि फलकापुढं उभे राहिले. बोट पहिल्या ओळीखाली धरलं. एकेक शब्द करत ते पट्टीपर्यंत आले. कोपरा सुटून वाऱ्यावर हलत होता.

“अजून वाचता येतंय,” ते म्हणाले.

मग अंगठ्यानं त्यांनी तो कोपरा दाबून बसवला. हात काढला की तो पुन्हा उठला. त्यांनी पुन्हा दाबला, आणि अंगठा तिथंच ठेवून, पाठमोरे, उभे राहिले.